‘द अँक्शस जनरेशन’ : प्रमेय आणि पुरावा

जोनाथन हाइट यांचा हा ग्रंथ २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीतच धोरणकर्त्यांच्या चर्चेत शिरला. त्यातील प्रमेय सुबोध आहे. २०१० ते २०१५ या काळात खेळाचे बालपण जाऊन स्मार्टफोनचे बालपण आले, आणि कुमारवयीनांतील, विशेषतः मुलींतील, चिंता व विषण्णता वाढण्याचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

यावरील नेहमीचा आक्षेप सहसंबंधाच्या क्षीणतेचा. एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ साली साडेतीन लाखांहून अधिक कुमारांची माहिती तपासली, तेव्हा तंत्रसाधनांच्या वापराने त्यांच्या स्वास्थ्यातील तफावतीचा फार तर ०.४ टक्के भाग उलगडला. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! दृष्टांत मार्मिक खरा; निर्णायक मात्र नव्हे. दूरचित्रवाणी व समाजमाध्यमे एकाच मापाने मोजली की फरक पुसट होणारच. शिवाय वर्गातील बहुतेक मुली एकाच माध्यमावर वावरत असतील, तर त्याबाहेर राहिलेली मुलगीही एकाकी पडते. वापरणारी व न वापरणारी यांच्या तुलनेत ही हानी उमटत नाही. हाइट यांचा हा सामूहिक सापळ्याचा युक्तिवाद ग्रंथातील सर्वांत सकस भाग होय. तो आलेखांच्या गर्दीत झाकोळला जावा, हे दुर्दैव.

कार्यकारणभावाचा अधिक बळकट पुरावा अन्यत्र आहे. फेसबुक २००४ पासून अमेरिकेतील महाविद्यालयांत एकामागून एक पोहोचले. या क्रमाचा आधार घेऊन ब्रागिएरी, लेव्ही व मकारिन यांनी २०२२ साली दाखविले की, ते जेथे आले तेथे विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. कारण बहुधा इतरांशी होणारी तुलना. हा पुरावा हाइट यांना अनुकूल वाटतो, पण तो दुधारी आहे. आयफोन बाजारात आला २००७ साली. अर्थात् खिशात स्मार्टफोन नसतानाही, आणि बालपण ओलांडलेल्या तरुणांतही, हानी घडू शकते. मग दोष उपकरणाचा की तुलनेस उत्तेजन देणाऱ्या रचनेचा? ग्रंथकार ही दोन्ही कारणे एकत्र बांधतात, आणि येथेच विवेचन सैल पडते.

ग्रंथाचा आधार मुख्यतः पाश्चात्त्य देशांतला आहे. भारतात स्वस्त मोबाइल इंटरनेटचा झपाट्याने प्रसार झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर. प्रमेय खरे असेल, तर येथील चढण काही वर्षे उशिरा दिसावयास हवी. मात्र येथे फोन पुष्कळदा साऱ्या घराचा असतो, आणि तो मुलीच्या हाती केव्हा यावा हे वडीलधारे ठरवितात. केवळ वापराचे तास विचारणारी प्रश्नावली अशा घरात फारशी उपयोगी पडणार नाही.