स्वस्त प्रवास आणि प्रवाशाचे नाव

स्वस्त प्रवासाच्या वर्णनांचे मूल्य ठरविताना, किती कमी पैशांत किती प्रदेश पाहिला, याचाच हिशेब सामान्यतः पुढे येतो. पाठीवर पिशवी टाकून रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून आणि एस. टी.च्या गाडीतून हिंडणारे आजचे तरुणही वृत्तांताच्या आरंभी खर्चाचा आकडाच देतात. परंतु स्वस्त प्रवास दोन प्रकारचा असतो : एक, अधिक परवडत नाही म्हणून पत्करलेला, दुसरा, परवडत असूनही निवडलेला. तिकीट एकच आणि बाकही एकच; तरी दोघांची स्थिती एक नसते. हा भेद लेखनात कसा उमटतो, हे पाहण्यास महात्मा गांधींचे तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयीचे लेखन विशेष उपयुक्त आहे.

या लेखनाचे दोन भाग पडतात. एक, रांची येथून २५ सप्टेंबर १९१७ या तारखेने लिहिलेला भारतीय रेल्वेतील तिसऱ्या वर्गाविषयीचा इंग्रजी लेख. दुसरा, १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मधून गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेतील काही प्रकरणे.

आत्मकथेतील १९०२ सालच्या कलकत्ता ते राजकोट या प्रवासाचे वर्णन जवळजवळ यादीच्या रूपाने येते. बारा आण्यांची किंतानाची पिशवी. तीत लोकरीचा लांब कोट, धोतर, पंचा व सदरा. जोडीला कांबळे आणि पाण्याचे भांडे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी लाडू-पुऱ्यांनी भरलेला डबा दिला. काशी, आग्रा, जयपूर व पालनपूर येथे एकेक दिवस मुक्काम झाला. पालनपूर वगळता तो धर्मशाळेत किंवा पंड्यांच्या घरी होता. भाड्यासह एकूण खर्च एकतीस रुपयांहून अधिक झाला नाही. येथे विशेषणे जवळजवळ नाहीत. वस्तू आणि आकडे हेच बोलतात. या शैलीचा संयम वाखाणण्यासारखा आहे.

तथापि याच प्रवासाच्या आरंभी एक लहानसा प्रसंग नोंदविलेला आहे. निरोप देण्यास गोखले आणि डॉ. प्रफुल्लचंद्र राय स्टेशनावर आले. रेशमी पागोटे घातलेल्या गोखल्यांना फलाटावर जाताना कोणी हटकले नाही. बंगाली वेषातील राय यांना मात्र तिकीट तपासनिसाने अडविले आणि 'हे माझे मित्र आहेत' असे गोखल्यांनी सांगितल्यावरच आत सोडले. एका विख्यात रसायनशास्त्रज्ञाला वेषावरून अडविले जाते आणि दुसऱ्याच्या शब्दावरून वाट मिळते. तिसऱ्या वर्गाच्या अनुभवाचा खरा विषय येथेच सूचित झाला आहे.

तो १९१७ मधील कराची ते कलकत्ता या प्रवासाच्या वर्णनात उघड होतो. लाहोरला गाडी बदलताना डब्यात शिरणे अशक्य झाले. एका हमालाने बारा आणे मागितले आणि गांधींना खिडकीतून आत ढकलले. त्यानंतर दोन तास ते वरच्या बाकाची साखळी धरून उभे होते. वर आडवे झालेले प्रवासी, 'बसत का नाही?' असे विचारीत राहिले. जागा मात्र कोणी दिली नाही. शेवटी त्यांनी नाव विचारले. ते कळताच प्रवासी लाजले, त्यांनी क्षमा मागितली आणि जागा झाली.

याच्या शेजारी रांचीच्या लेखातील एक प्रसंग ठेवून पाहावा. मुंबई ते मद्रास प्रवासाचे भाडे तेरा रुपये नऊ आणे. डबा बावीस जणांचा. प्रवास दोन रात्रींचा. गार्ड आणखी माणसे कोंबू लागला तेव्हा एका मेमण व्यापाऱ्याने विरोध केला. आपली गाडीतील ही पाचवी रात्र असल्याचे त्याने सांगितले. गार्डने त्याचा अपमान करून त्याला शेवटच्या स्टेशनावर दाद मागण्यास सांगितले. या व्यापाऱ्याचे नाव लेखात नाही आणि त्याचे बोलणेही अप्रत्यक्ष कथनातच येते. आत्मकथेतील हमाल व प्रवासी मात्र प्रत्यक्ष बोलतात. दोन तास उभ्या असलेल्याला नावाने जागा मिळाली. पाच रात्रींच्या प्रवाशाजवळ असे नाव नव्हते.

रांचीच्या लेखात सुचविलेल्या उपायाचे मर्मही यामुळेच कळते. व्हाइसरॉय, संस्थानिक आदी थोरांनी पूर्वसूचना न देता अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा, असे तेथे म्हटले आहे. त्यात 'पूर्वसूचना न देता' ही अट निर्णायक आहे. ओळख पटली की वर्ग तिसरा राहत नाही. तरी ही अट किती दुष्कर आहे, हे त्या लेखात सांगितलेले नाही. ते लाहोरच्या प्रसंगात दिसते. आपल्याच प्रयोगाची मर्यादा दाखविणारी घटना गांधींनी वगळली नाही, यात त्या प्रकरणाची श्रेष्ठता आहे. लेख गाऱ्हाणे मांडतो; आत्मकथा गाऱ्हाणे मांडणाऱ्याचे स्थानही दाखविते. मात्र मिळालेली जागा ईश्वराचे साहाय्य मानून ती पुढे जाते. नाव नसलेल्याचे काय झाले असते, हा प्रश्न ती विचारीत नाही. हे तिचे उणेपण होय.

तिसरा वर्ग हे नाव १९७४ साली गेले. निवडलेला आणि पत्करलेला स्वस्तपणा यांतील भेद गेलेला नाही. आजच्या प्रवाशाजवळ नाव नसले, तरी परतीचे आरक्षण करण्याची ऐपत बहुधा असते. म्हणून त्याच्या वृत्तांताची परीक्षा करताना एकूण खर्चाबरोबरच दोन गोष्टी पाहावयास हव्यात : शेजारचा प्रवासी त्यात स्वतःच्या शब्दांत बोलतो काय, आणि लेखकाला जागा कशामुळे मिळाली हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आहे काय.