'ब्लॅक अँड व्हाइट' : खेळातील देवत्व

संगणकावरील खेळास या पृष्ठांत स्थान का द्यावे, असा प्रश्न काही सभासदांस पडेल. परंतु ज्या कृतीत देव, भक्त आणि पापपुण्य यांची कल्पना मांडलेली आहे, तिची परीक्षा आम्ही टीकेच्या कक्षेबाहेरची मानीत नाही. इंग्लंडातील पीटर मॉलिन्यू यांनी १९८९ मध्ये 'पॉप्युलस'ने हा प्रकार रूढ केला आणि २००१ मध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट'ने तो पुष्कळ पुढे नेला.

येथे खेळणारा स्वतःच देव असतो. पडद्यावर त्याचा केवळ हात दिसतो. गावकऱ्यांची श्रद्धा हेच त्याचे बळ. ते पूजास्थानी नाचू लागले म्हणजे चमत्कारांना शक्ती लाभते. भक्तावाचून देव पंगू, हे सूत्र आपल्या संतांच्या परिचयाचेच आहे. तोच चमत्कार वारंवार केल्यास गावकऱ्यांस त्याचे कौतुक उरत नाही, ही योजनाही मार्मिक आहे.

पण या कृतीचे खरे वैभव म्हणजे देवाने पाळलेला प्राणी. गाय, वाघ वा वानर यांपैकी एक निवडावा. कुरवाळल्याने आणि चापट मारल्याने तो शिकतो. त्याने माणूस खाल्ला आणि आपण त्याला कुरवाळले, तर तो पुन्हा माणसे खाईल. शिक्षेस विलंब झाला तर तिचा संबंध तो भलत्याच कृत्याशी जोडतो. शिक्षकांनी एवढा भाग तरी अवश्य पाहावा. कथेच्या तिसऱ्या भूमीत हाच प्राणी बंदिवासात पडतो आणि खेळ एकदम निस्तेज होतो, ही रचनेतील ढोबळ चूक होय.

याहून मोठे वैगुण्य असे की, श्रद्धा आणि भय यांत येथे भेदच नाही. पाऊस पाडा किंवा घरांवर धोंडे फेका, श्रद्धा वाढतेच. वेदीवर जिवंत माणूस टाकूनही शक्ती मिळते. दुष्ट देवाचे मंदिर उग्र दिसू लागते खरे; पण ती निव्वळ रंगरंगोटी! नामदेव विठ्ठलाशी भांडतो, जनाई त्याला दळायला बसविते. येथील गावकऱ्यास धान्य, लाकूड अशा गरजेच्या गोष्टी मागता येतात, जाब विचारता येत नाही. परिणामी देव हळूहळू गावचा कोठीवाला होऊन बसतो.

आम्हां इंदूरकरांस येथे अहिल्याबाईंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी माळव्याचा कारभार शंकराच्या नावाने चालविला. सत्ता हाती असूनही आपल्यावर कोणी आहे, ही जाणीव त्यामागे होती. या खेळातील देवावर कोणीच नाही. एक सदुपदेशक आणि एक कुमंत्री त्याच्या कानाशी लागतात, पण ते दोघेही त्याच्याच मनाचे अंश. २००५ मधील दुसऱ्या भागात सैन्ये आली, नगररचना आली. देवाला खडसावणारा भक्त मात्र आला नाही.