हास्यास्पदांचें शौर्य : ‘डॅड्स आर्मी’

परदेशी विनोदाविषयीं आपल्या रसिकांत दोन ग्रह रूढ आहेत. एक असा कीं, विनोद ज्या मातींत उगवतो तेथेंच तो रुजतो. परक्यास त्याची गोडी कळावयाची नाहीं. दुसरा असा कीं, जें जगभर गाजलें तेवढेंच पाहण्याजोगें. ह्या दोन ग्रहांच्या कात्रींत सांपडून एक उत्तम विनोदी कृति आपल्याकडे उपेक्षित राहिली आहे, असें आम्हांस वाटतें. ती म्हणजे इंग्लंडांत बी. बी. सी. नें ३१ जुलै १९६८ पासून १३ नोव्हेंबर १९७७ पर्यंत दूरचित्रवाणीवर दाखविलेली ‘डॅड्स आर्मी’ ही ८० भागांची मालिका होय. जिमी पेरी व डेव्हिड क्रॉफ्ट हे तिचे लेखक. स्वदेशांत ती घरोघर लाडकी झाली. ‘येस मिनिस्टर’ आवडीनें पाहणाऱ्या आपल्या सुशिक्षितांनीं मात्र तिची म्हणावी तशी दखल घेतली नाहीं.

कथेची पार्श्वभूमि खरी आहे. मे १९४० मध्यें जर्मन फौजा फ्रान्सवर चालून आल्या, तेव्हां युद्धमंत्री अँथनी ईडन ह्यांनीं १४ मे रोजीं नभोवाणीवरून आवाहन केलें कीं, सैन्यांत नसलेल्या १७ ते ६५ वर्षांच्या पुरुषांनीं गांवोगांवच्या संरक्षक दलांत नांवें नोंदवावींत. ह्याच दलास पुढें ‘होमगार्ड’ हें नांव मिळालें. मुंबई प्रांतांत १९४६ सालीं त्याच नांवाचें दल उभें राहिलें, त्यामुळें हा शब्द आपणांस परका नाहीं. मालिकेंतील वॉल्मिंग्टन-ऑन-सी हें समुद्रकांठचें गांव मात्र कल्पित आहे. तेथील बँकेचा मॅनेजर मॅनरिंग हा स्वतःच दलाचा कॅप्टन बनतो. त्याच्या हाताखालचा कारकून विल्सन हा सार्जंट, आणि म्हातारा खाटीक जोन्स हा कॉर्पोरल. शिपायांत सदा अशुभ भाकणारा स्कॉटिश फ्रेझर, काळाबाजार करणारा वॉकर, आईच्या धाकांतला तरुण पाइक आणि वारंवार लघुशंकेची परवानगी मागणारा वृद्ध गॉडफ्रे अशी मंडळी आहेत.

ह्या मालिकेंतील विनोद कोट्यांवर उभा नाहीं. तो स्वभावांच्या घर्षणांतून निघतो. मॅनरिंग स्वकष्टानें वर आलेला. विल्सन खानदानी संस्कारांत वाढलेला. हुद्दा एकाचा, रुबाब दुसऱ्याचा. आणि ही सल मॅनरिंगास क्षणभरहि सोडीत नाहीं. ही वर्गभेदाची बारीक कुसपट इंग्रजांनाच कळेल असें म्हणणाऱ्यांना आम्ही इतकेंच विचारूं, कीं जातीची उतरंड पाहत वाढलेल्या माणसास ती वेगळी समजावून सांगावी लागेल काय? १९७३ सालच्या ‘द डेडली अटॅचमेंट’ ह्या भागांत एक जर्मन कैदी सूड उगविण्यासाठीं नांवें टिपून ठेवीत असतो. तो पाइकचें नांव विचारतो. तें सांगूं नको, अशी आज्ञा मॅनरिंग मोठ्यानें करतो, आणि त्या आज्ञेंतच पाइकला नांवानें हांक मारतो! अधिकार गाजविण्याच्या हौसेनें माणूस कसा फसतो, हें एवढ्या थोडक्यांत क्वचितच कोणी दाखविलें असेल.

येथें एक आक्षेप आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. ज्या १९४० सालीं इंग्लंड परचक्राच्या भीतीनें कासावीस झालें होतें, त्याच सालीं त्याच इंग्लंडानें हिंदुस्थानास दास्यांत ठेवलें होतें. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें विनोबांनीं युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला, आणि त्याबद्दल त्यांस तुरुंग मिळाला. मग त्या राज्यकर्त्यांच्या गृहरक्षकांचें कौतुक आपण कां करावें? शिवाय जोन्स आपल्या सुदानांतील मोहिमा वर्णितांना तेथील लोकांविषयीं जे शब्द योजितो, ते आज कानांस बोंचतात. हें सर्व खरें आहे. परंतु जोन्सच्या ह्या कहाण्या ऐकून त्याचे सोबतीच कंटाळतात, आणि साम्राज्याचा सारा डौल मॅनरिंगच्या रूपानें पदोपदीं तोंडघशीं पडतो. साम्राज्याची पूजा करणारी ही कृति नव्हे.

ह्या आक्षेपाचें खरें उत्तर १९६९ सालच्या ‘ब्रँडेड’ ह्या भागांत आहे. गॉडफ्रे दल सोडूं इच्छितो. तेव्हां उघड होतें कीं, पहिल्या महायुद्धांत त्यानें सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्याचें नाकारलें होतें. मॅनरिंग संतापतो, सोबती त्याला वाळींत टाकतात. पुढें धुरानें भरलेल्या जागेंतून जाण्याच्या सरावांत मॅनरिंगचा जीव धोक्यांत येतो, आणि त्यास वांचवितो तो हाच म्हातारा. नंतर गॉडफ्रेच्या घरीं गेल्यावर मंडळींना कळतें कीं, सोमच्या लढाईंत शुश्रूषापथकांत राहून, तोफगोळ्यांच्या माऱ्यांतून जखमींस उचलून आणल्याबद्दल त्यास शौर्यपदक मिळालें होतें. पण तें मिरविणें त्याला कधीं प्रशस्त वाटलें नाहीं. ही भूमिका करणारे अर्नोल्ड रिडले हे स्वतः सोमच्या रणांगणावर जबर जखमी झालेले सैनिक होते. युद्ध भोगलेल्या नटानें युद्ध नाकारणाऱ्याचा मोठेपणा इतक्या शांतपणें दाखवावा, ह्याहून अधिक विनोदी लेखनाकडून काय मागावें? सत्याग्रहींच्या देशांत हा एक भाग तरी अवश्य पाहिला जावा.

मालिकेंत दोष नाहींत असें नाहीं. ठराविक वाक्यें फार वेळां येतात. उत्तरार्धांत प्रसंगांची ओढाताण जाणवते. स्त्रियांना तर फारच थोडें स्थान आहे. मॅनरिंगची पत्नी अखेरपर्यंत आपल्यासमोर येत नाहीं. परंतु लेखकांची मूळ दृष्टि ह्या दोषांनीं बिघडत नाहीं. हीं माणसें बावळट आहेत, मानापमानाला हपापलेलीं आहेत. तरीहि शत्रु खरोखरच किनाऱ्यावर उतरला असता, तर तीं तेथेंच उभीं राहून मेलीं असतीं, ह्याविषयीं आपणांस शंका उरत नाहीं. हास्यास्पद असणें निराळें आणि क्षुद्र असणें निराळें. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावावर प्रेम करणाऱ्या वाचकास हा भेद शिकवावयास नको.

आज विनोदाच्या नांवाखालीं दुबळ्याची नक्कल व व्यंगाची टिंगल ह्यांचाच बाजार भरलेला दिसतो. दुसऱ्यास हंसून झाल्यावर त्याच्याविषयींचा आदर वाढावा, हा अनुभव दुर्मिळ झाला आहे. इंग्रजी समजणाऱ्या मराठी रसिकांनीं वर उल्लेखिलेल्या दोन भागांपासून आरंभ करावा, अशी आमची शिफारस आहे. आणि विनोदी लेखन करूं पाहणाऱ्या आपल्या तरुणांनीं गॉडफ्रेची व्यक्तिरेखा विशेष लक्षपूर्वक अभ्यासावी. तिच्यांत त्यांना पुष्कळ शिकण्यासारखें आहे.