सफरमैनेची शाळा व आमचे लेखक

मराठी कथा-कादंबऱ्यांतील शिपाई बहुधा तीन वेळां भेटतो. तो रजेवर येतो, त्याचें पत्र येतें, किंवा तो पडल्याची तार येते. तो शिपाई झाला कसा, हें मात्र वाचकाला क्वचितच दिसतें. घर सोडल्यापासून आघाडीवर जाईपर्यंतचे त्याचे महिने आमच्या लेखकांनीं गाळले आहेत. जनरल थोरातांसारख्या सेनापतींच्या आठवणी आहेत, नाहीं असें नाहीं. पण ते सँडहर्स्टला शिकलेले. आम्ही बोलत आहों तें साध्या रंगरुटाविषयीं.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्य सुमारें २ लाखांवरून १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरांत गेलें. इतकीं माणसें कोठें तरी घडविलीं गेलींच असतील. तें पाहण्यास पुणेंकरांना दूर जावयास नको. पिंपरी-चिंचवडच्या वाटेवर, दापोडीच्या अलीकडे, खडकीला मुंबई सफरमैनेचें ठाणें एकोणिसाव्या शतकापासून आहे. 'सॅपर्स अँड मायनर्स' या नांवाचें 'सफरमैना' हें रूप कोणा पंडितानें केलेलें नाहीं. तें लोकांच्या जिभेवर झालें, आणि आमच्या मतें मूळ नांवाहून गोड झालें.

या शाळेंतला दिवस म्हणजे निव्वळ कवायत नव्हे. बिगुल, रांग व बंदूक कोणत्याही पलटणींत असतात. सफरमैनेला त्यावर खंदक खणणें, दोर बांधणें, नदीवर पूल टाकणें, सुरुंग पेरणें आणि शत्रूचे सुरुंग काढणें, इतकें शिकावें लागे. सुताराची, लोहाराची, गवंड्याची विद्या येथें लष्करी होई. ज्यानें लहानपणापासून औताला दोर बांधला, त्याला गांठ मारण्याची दुसरी रीत शिकवावयाची, आणि बापानें शिकविलेली गांठ त्यानें विसरावयाची! या एका गोष्टींत कादंबरीचें एक प्रकरण आहे. याच सफरमैनेचे अधिकारी प्रेमींद्रसिंग भगत यांनीं १९४१ सालीं ॲबिसिनियाच्या मोहिमेंत सलग चार दिवस रस्त्यावरचे सुरुंग काढले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. तें वृत्तपत्रांत आलें. मातीवर हात हलका ठेवावयास शिकविणारा वर्ग कोणी लिहिला?

भाषेची गोष्ट तर आणखी नवलाची. सैन्यांतील शिक्षणाची भाषा उर्दू, तीही रोमन लिपींत. खेड-मावळच्या तरुणापुढें हत्यार नवें, भाषा नवी आणि अक्षरही नवें. हेन्री रीड या इंग्रज कवीनें १९४२ सालीं बंदुकीच्या भागांचीं नांवें शिकविणाऱ्या वर्गावर एक कविता लिहिली. शिकविणाऱ्याचा रूक्ष स्वर आणि बाहेर फुललेल्या बागा, एवढ्याच सामग्रीवर ती उभी आहे. रीडला निदान तीं नांवें स्वभाषेंत ऐकावयास मिळालीं होतीं. आमच्या रंगरुटाच्या वर्गांत याहून अधिक काव्य होतें. तें टिपणारा तेवढा तेथें नव्हता.

कोणी म्हणेल, १९४२ सालीं परक्या सरकारच्या पलटणीवर देशाभिमानी लेखकानें कां लिहावें? आक्षेप खोटा नाहीं. परंतु पोटासाठीं भरती झालेल्याच्या मनांत हा प्रश्न उठला असेल, तर लिहावयाचें तेंच होतें. शिवाय १९४७ नंतर तो अडसर राहिला नाहीं, तरी लेखणी तिकडे फारशी वळली नाहीं. खरें कारण असें कीं, लेखक एका घरांतून आले व शिपाई दुसऱ्या घरांतून. १९४१ सालीं बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या महायुद्धांत उभारलेली महारांची पलटण १९२१ सालीं मोडण्यांत आली होती. वीस वर्षांनीं त्या समाजाला कवायतीच्या मैदानावर पुन्हां स्वतःची जागा मिळाली. सुशिक्षित लेखक शिस्तीला जाच म्हणेल. ज्याला गांवच्या पाणवठ्यावर उभें राहूं देत नसत, त्याला त्या रांगेंत उभें राहतांना काय वाटलें असेल, हें आमच्या मध्यमवर्गीय वाङ्मयाला विचारावेंसेंही वाटलें नाहीं. आम्हांस ही गोष्ट लाजिरवाणी वाटते.

गुणाची उणीव होती असें म्हणवत नाहीं. विश्राम बेडेकरांचें 'रणांगण' १९३९ सालीं निघालें. त्यांत लढाई नाहीं, युरोपांतून परतणारी एक बोट आहे. तरी युद्धाची छाया कोठेंच हटत नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांनीं 'माणदेशी माणसें' (१९४९) लिहितांना खेडुताचें बोलणें ज्या कानानें ऐकलें, तसा कान बरॅकींत गेला असता तर आणखी काय हवें होतें?

१९४२ सालीं अठरा वर्षांचा असलेला रंगरूट आज शंभरी ओलांडून गेला असता. त्याचा नातू किंवा पणतू कदाचित् चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जात असेल. घरांत पत्र्याची पेटी, तींत पदकें व सैन्यांतून सुटल्याचा दाखला, आणि आजोबा रागावले म्हणजे देत असत ते उर्दू हुकूम, एवढें कोणाच्या आठवणींत उरलें असेल, तर त्यानें आधीं ते हुकूम, जसे ऐकले तसे, कागदावर उतरवून ठेवावे.