अमेरिकन विद्यापीठांचे सामने आणि मोडलेला शेजार

कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना गांवीं नववर्षदिनीं होणारा 'रोझ बोल' हा अमेरिकेच्या विद्यापीठीय फुटबॉलमधील एक मानाचा सामना होय. १९०२ सालीं तो प्रथम झाला, तेव्हां मिशिगननें स्टॅनफर्डचा ४९–० असा पराभव केला. १९४७ पासून तर सुमारें अर्धें शतक असा शिरस्ता होता कीं, पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळाचा विजेता आणि मध्यपश्चिमेकडील 'बिग टेन' मंडळाचा विजेता यांनीं येथें समोरासमोर यावें. दोन प्रदेश, दोन हवामानें, खेळण्याच्या दोन तऱ्हा; आणि वर्षांतून एकदां त्यांची गांठ. १ जानेवारी २०२५ रोजीं ह्याच मैदानावर ओरेगन आणि ओहायो स्टेट हे संघ उतरले व ओहायो स्टेटनें ४१–२१ असा विजय मिळविला. वरवर पाहतां देखावा जुनाच. एक संघ पश्चिमेचा, एक मध्यपश्चिमेचा. पण त्या दिवशीं दोघेही एकाच मंडळाचे, म्हणजे 'बिग टेन'चेच, सभासद होते! ज्या पाहुण्याच्या स्वागतासाठीं मांडव घालावयाचा, तो पाहुणाच घरांत दत्तक आला. मांडव तेवढा जागच्या जागीं राहिला.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय परका वाटेल. म्हणून आरंभींच थोडा खुलासा करणें अवश्य आहे. अमेरिकेंत फुटबॉल म्हणतात तो चेंडू लाथेनें उडविण्यापेक्षां हातांत घेऊन धांवण्याचा व फेंकण्याचा खेळ. विद्यापीठांनीं आपसांतील सामने ठरविण्यासाठीं व नियम पाळले जातात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जीं मंडळें स्थापिलीं, त्यांस तिकडे 'कॉन्फरन्स' ही संज्ञा आहे. 'बिग टेन'चें मूळ मंडळ १८९६ सालीं शिकागो येथें स्थापन झालें. पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळ १९१५ सालीं वॉशिंग्टन, ओरेगन, ओरेगन स्टेट व कॅलिफोर्निया ह्या चार संस्थांनीं मिळून उभारलें. त्या काळीं प्रवास आगगाडीचा. सबब जेथें जाऊन वेळेवर वर्गांत परततां येईल, तेथलाच प्रतिस्पर्धी सोयीचा. मंडळ म्हणजे शेजार, हा अर्थ कोणीं मुद्दाम योजिला नव्हता. तो आगगाडीच्या वेळापत्रकानें आपोआप आला होता. परंतु अशा आपोआप आलेल्या गोष्टींचींच मुळें कित्येकदां सर्वांत खोल जातात. त्याच शेजाऱ्याशीं दर वर्षीं, बहुधा त्याच आठवड्यांत, गांठ पडूं लागली म्हणजे जयापजयाची एक वही तयार होते. बापाच्या वेळच्या पराभवाचें उट्टें मुलगा काढतो. दोन भाऊ दोन विद्यापीठांत शिकले असले तर नोव्हेंबरांतील तो एक शनिवार घरांतील पंक्तीसही दुभंगतो. ह्या खेळाचें खरें आकर्षण कौशल्यांत नसून ह्या वहींत आहे, असें आमचें मत आहे. केवळ कौशल्यच पाहावयाचें तर धंदेवाईक संघ त्याच देशांत आहेत, व ते निःसंशय अधिक चांगलें खेळतात.

आतां ही वही कशी फाडली गेली तें पाहावें. पॅसिफिक मंडळ वाढतां वाढतां २०११ सालीं बारा सभासदांचें झालें होतें व 'पॅक-१२' ह्या नांवानें ओळखलें जात होतें. ३० जून २०२२ रोजीं लॉस एंजलिस येथील दोन विद्यापीठांनीं, म्हणजे यू.एस.सी. व यू.सी.एल.ए. यांनीं, आपण २०२४ पासून 'बिग टेन'मध्यें जाणार असें जाहीर केलें. २०२३ च्या जुलईंत कोलोराडोनें 'बिग ट्वेल्व्ह'चा रस्ता धरला. ४ ऑगस्ट २०२३ ह्या एकाच दिवशीं ओरेगन व वॉशिंग्टन यांनीं 'बिग टेन'कडे, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा यांनीं 'बिग ट्वेल्व्ह'कडे जाण्याचें ठरविलें. १ सप्टेंबर रोजीं स्टॅनफर्ड व बर्कली यांस 'अटलांटिक कोस्ट' मंडळानें थारा दिला. मागें दोनच विद्यापीठें राहिलीं: कॉर्व्हॅलिसचें ओरेगन स्टेट व पुलमनचें वॉशिंग्टन स्टेट. मंडळाचा कारभार कोणाच्या हातीं राहावा ह्यासाठीं ह्या दोघांस न्यायालयाची पायरी चढावी लागली, व तेथें त्यांची बाजू टिकली. २०२४ च्या हंगामांत 'पॅक-१२' मंडळांत दोन सभासद होते, 'बिग टेन'मध्यें अठरा, आणि 'बिग ट्वेल्व्ह'मध्यें सोळा! पॅसिफिकच्या बाजूचीं दोन विद्यापीठें अटलांटिक किनाऱ्याच्या नांवाखालीं खेळूं लागलीं. शब्दांशीं ज्यांचा नित्याचा व्यवहार आहे त्यांस एवढा पुरावा पुरे आहे. नांव आणि वस्तु यांची अशी फारकत होऊनही ती दुरुस्त करावी असें कोणासच वाटत नाहीं, तेव्हां तें नांव राहिलेलें नसतें. ती दुकानावरची पाटी झालेली असते.

कारण शोधण्यास फार लांब जावयास नको. १९८४ पर्यंत दूरचित्रवाणीवर कोणाचे व किती सामने दाखवावयाचे हें 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' ही मध्यवर्ती संस्था ठरवीत असे. ओक्लाहोमा व जॉर्जिया येथील विद्यापीठांच्या वतीनें ह्याविरुद्ध दावा झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं ही मक्तेदारी व्यापारस्पर्धेच्या कायद्यास बाधक ठरविली. कायद्याच्या दृष्टीनें निकाल यथार्थ असेलही. परंतु विरुद्ध मत लिहिणारे न्यायमूर्ति बायरन व्हाइट हे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे एके काळचे नामांकित फुटबॉलपटु होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. विद्यापीठांच्या खेळास नफ्याहून निराळे हेतु आहेत, सबब त्यास निव्वळ व्यापाराचें माप लावणें बरोबर नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. निकालानंतर सौदा करण्याचा अधिकार विद्यापीठांकडे व त्यांच्या वतीनें मंडळांकडे आला. सभासदाची पारख तो किती जवळचा आहे ह्यावरून न होतां, त्याच्यामुळें किती घरांतून सामना पाहिला जाईल ह्यावरून होऊं लागली. २०२२ सालीं 'बिग टेन'नें केलेला सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरांहून अधिक किंमतीचा असल्याचें वृत्त होतें. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठानें तर दूरचित्रवाणीच्या उत्पन्नांतील आपला वांटा नऊ वर्षें न घेण्याचें कबूल करून 'अटलांटिक कोस्ट' मंडळांत प्रवेश मिळविला. आणि यू.सी.एल.ए. व बर्कली हीं एकाच विश्वस्तमंडळाच्या छत्राखालचीं भावंडें असल्यामुळें, धाकट्यानें घर मोडलें म्हणून त्यानें थोरल्यास वर्षाला १ कोटी डॉलर द्यावे असें २०२४ सालीं त्या विश्वस्तांस ठरवावें लागलें. वांटणीनंतरच्या पोटगीचा हा प्रकार आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ह्यांत हानि कोणाची झाली? प्रथम खेळाडूंची. सौदा मुख्यतः फुटबॉलसाठीं झाला, पण मंडळ बदललें तें बहुतेक सर्व खेळांसाठीं बदललें. लॉस एंजलिसपासून न्यू जर्सींतील रटगर्स हें विद्यापीठ चोवीसशें मैलांच्या आसपास दूर आहे व दोहोंच्या घड्याळांत तीन तासांचें अंतर आहे. फुटबॉलचा संघ साधारणपणें आठवड्यांतून एकदांच खेळतो. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे सामने त्याहून पुष्कळ दाट असतात. दुसऱ्याच्या सौद्यापायीं त्यांनीं खंड ओलांडावा आणि पुन्हा परीक्षेसही बसावें, ह्यास न्याय म्हणतां येत नाहीं. दुसरी हानि वहीची. ओक्लाहोमा व ओक्लाहोमा स्टेट हे संघ १९१० पासून एकही वर्ष न चुकतां खेळत आले होते. ओक्लाहोमा २०२४ सालीं 'साउथईस्टर्न' मंडळांत जाणार असें ठरल्यावर ४ नोव्हेंबर २०२३ रोजीं ओक्लाहोमा स्टेटनें २७–२४ असा सामना जिंकला, आणि वही मिटली. वॉशिंग्टन व वॉशिंग्टन स्टेट यांनीं आपला 'ॲपल कप' चालूं ठेवला, ही समाधानाची गोष्ट. परंतु २०२४ सालीं तो नोव्हेंबरच्या अखेरीस न होतां १४ सप्टेंबर रोजीं झाला. हंगामाचा शेवट ज्यानें व्हावयाचा तो हंगामाच्या तोंडींच उरकला गेला. सण तोच, पण तिथि हुकली.

येथवर आम्हीं चाहत्यांचीच बाजू मांडली. परंतु पूर्वपक्षही ऐकला पाहिजे. मंडळें पूर्वीही मोडलीं आहेत. शिकागो विद्यापीठानें १९३९ सालीं फुटबॉल बंद केला व १९४६ सालीं 'बिग टेन'चा निरोप घेतला. खुद्द पॅसिफिक मंडळ खेळाडूंस चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणानंतर १९५९ सालीं विसर्जित झालें. शिवाय, मंडळांच्या उलथापालथीनें तुटलेलीं नातीं जुळतातही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना २०११ नंतर बंद पडला होता; टेक्सासही 'साउथईस्टर्न'मध्यें गेल्यामुळें ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं तो पुन्हा झाला व टेक्सासनें तो १७–७ असा जिंकला. ह्या आक्षेपांस आमचें उत्तर असें कीं, १९५९ सालीं घर मोडलें खरें, पण १९६४ पर्यंत आयडाहोखेरीज बाकीचे सर्व शेजारी नव्या नांवाखालीं पुन्हा एकत्र आले. कारण जावयास दुसरी जागाच नव्हती. आणि टेक्सासच्या उदाहरणावरून जर कांहीं सिद्ध होत असेल तर तें हेंच कीं, तेरा वर्षें खंड पडूनही शेजाऱ्याची ओढ मरत नाहीं.

परंतु एक आक्षेप असा आहे कीं त्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. ज्या जुन्या दिवसांची आठवण चाहते काढतात, त्या दिवसांत मैदानें भरत होतीं, प्रशिक्षकांचे पगार वाढत होते, आणि ज्या पोरांच्या गुडघ्यांवर हा सारा डोलारा उभा होता त्यांस शिष्यवृत्तीपलीकडे उघडपणें फारसें कांहीं मिळत नव्हतें. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं शिक्षणाशीं निगडित लाभांवरील मध्यवर्ती संस्थेचीं बंधनें एकमतानें अवैध ठरविलीं. आणि ६ जून २०२५ रोजीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांस खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. त्याची कमाल मर्यादा पहिल्या वर्षीं दर विद्यापीठास सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर होती. ह्यावर पुष्कळ चाहते हळहळले. आम्हांस ती हळहळ प्रामाणिक वाटते, पण न्याय्य वाटत नाहीं. पैशानें खेळ बिघडला असें म्हणणाऱ्यानें, तोच पैसा प्रशिक्षकाच्या घरीं जात असतांना आपण कोणत्या बांकावर बसून टाळ्या वाजवीत होतों, हेंही सांगितलें पाहिजे. आपला संघ जिंकलाच पाहिजे हा हट्ट चाहत्याचा. जिंकण्यास पैसा लागतो, पैसा दूरच्या मंडळांत आहे, म्हणून संघ दूर गेला. दुसऱ्याच्या विद्यापीठानें घर सोडलें कीं ती फितुरी, आणि आपल्या विद्यापीठास आमंत्रण आलें कीं ती दूरदृष्टि, असा हा दुटप्पी न्याय आहे. यू.सी.एल.ए.चे विख्यात बास्केटबॉलपटु बिल वॉल्टन यांनीं आपल्याच विद्यापीठाच्या प्रस्थानास उघड विरोध केला. पॅसिफिक मंडळाचा अभिमान त्यांनीं अखेरपर्यंत मिरविला, आणि २७ मे २०२४ रोजीं, तें मंडळ विखुरण्याच्या बेतांत असतांनाच, त्यांचें निधन झालें. असे अभिमानी थोडे. शेजार टिकवावयाचा तर कधींमधीं शेजाऱ्याकडून हरण्याची व गरीब राहण्याचीही तयारी लागते.

ह्या तयारीचें एक उदाहरण त्याच देशांत आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. आंबेडकर शिकले, तें हार्वर्ड, येल इत्यादि सात संस्थांसह 'आयव्ही लीग' नांवाच्या मंडळांत आहे. १९५४ च्या करारानें बांधलेल्या ह्या मंडळाचे आठ सभासद अद्यापि तेच आठ आहेत. त्यांनीं खेळासाठीं शिष्यवृत्ति देण्याचें नाकारलें, देशांतील अग्रस्थानावरचा हक्क आपण होऊन सोडला, आणि त्या मोलानें आपली वही राखली. सर्वांस हा मार्ग परवडेल असें आम्ही म्हणत नाहीं. ह्या आठांच्या तिजोऱ्या इतरांपाशीं नाहींत. परंतु दुसरा एक मार्ग तितका कठीण नाहीं. फुटबॉलनें हवें त्या बाजारांत जावें, पण इतर खेळांस शेजारच्या मंडळांत ठेवावें. हें अशक्य नाहीं, हें नोटर डेम विद्यापीठानें दाखविलें आहे. त्याचा फुटबॉलचा संघ कोणत्याच मंडळांत नाहीं, आणि इतर बहुतेक खेळ २०१३ पासून 'अटलांटिक कोस्ट' मंडळांत आहेत. एका खेळाचा सौदा साऱ्यांच्या गळ्यांत बांधण्याचें कारण सोय हें नसून आळस हें आहे.

मागें राहिलेल्या दोघांचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. २०२४ सालीं बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट व युटा स्टेट यांनीं, आणि पुढील वर्षीं टेक्सास स्टेटनें, २०२६ पासून त्यांच्या मंडळांत येण्याचें मान्य केलें. म्हणजे पाटी जुनी आणि वही कोरी अशी स्थिति झाली. ह्यास पुनर्जन्म म्हणावें कीं केवळ नांवाची राखण, हा निवाडा आज करतां येणार नाहीं. तो पन्नास वर्षांनीं होईल. बॉइसीचा एखादा म्हातारा आपल्या नातवास सांगूं लागेल कीं, अमक्या सालीं पुलमनच्या थंडींत आपण कसे हरलों, आणि नातू ती गोष्ट दहाव्यांदा ऐकूनही उठून जाणार नाहीं, त्या दिवशीं तें मंडळ पुन्हा शेजार झालें असें समजावें. करारावर सह्या एका दुपारीं होतात. वैर जुळावयास मात्र दोन पिढ्या लागतात, आणि ज्यांनीं तें विकलें त्यांस त्याची किंमत ठाऊक होती असें आम्हांस वाटत नाहीं.