स्लेज आणि बैलगाडी : चित्रकादंबरीतला नायक
(प्रताप नगर, नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, उत्तर ध्रुवावर पहिला कोण पोचला? शाळेत आपण एकच नाव पाठ केलं : रॉबर्ट पिअरी, १९०९. तो नेमका ध्रुवावर पोचला का, याबद्दल आता शंका घेतली जाते, पण ते बाजूला ठेवू. त्याच्यासोबत आणखी पाच जण होते. मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकन आणि ऊता, एगिंगवा, सीग्लू, ऊकिया हे चार इनुइट. हेन्सनला इनुइटांची भाषा येत होती, कुत्र्यांची स्लेज हाकण्यात तो वाकबगार होता. परतल्यावर पिअरीला मानसन्मान मिळाले. हेन्सनला पुढे न्यूयॉर्कच्या कस्टम कचेरीत कारकुनी.

जर्मन चित्रकार सायमन श्वार्त्झनं २०१२ मध्ये ‘पॅकआइस’ या चित्रकादंबरीत हेन्सनला मध्यभागी आणलं. हे मोठं काम आहे. तरी आमची एक तक्रार आहे. इंग्रजी आवृत्तीचं नाव ‘फर्स्ट मॅन’, म्हणजे ‘पहिला माणूस’! शर्यत तीच राहिली, विजेता तेवढा बदलला. ज्यांच्या घरादारात ही मोहीम शिरली, ते चौघे कडेलाच.

आता आपल्या घरची गोष्ट. १९०१ मध्ये लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली, आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं : मुलांनी गाडी हाकायची, गाडीवान सोबत चालणार. डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

हा प्रवास ‘भीमायन’मध्ये आहे. २०११ साली नवयाननं काढलेलं हे पुस्तक. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. गोंड राजा बख्त बुलंदनं वसवलेल्या या शहरात ती चित्रं परकी वाटायला नकोत. इथे चौकटीत कोंबलेली माणसं नाहीत. गोड बोलण्याचा फुगा पक्ष्यासारखा. विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. महाडच्या चवदार तळ्याच्या प्रसंगात भाषणाच्या कर्ण्यातून पाण्याचा शिडकावा होतो. म्हणजे वक्त्याचा पुतळा होत नाही, त्याचे शब्द तहानलेल्यांपर्यंत जातात. नायक मोठा करायचा तर असा.

ध्रुवाच्या गोष्टीत वीर कुणी न गेलेल्या जागी जातो. इथे मात्र जिथे सगळे रोज जातात, त्या तळ्यावर, धर्मशाळेत, गाडीत जायलाच बंदी. म्हणून शौर्याचा अर्थच बदलतो. झेंडा रोवायचा नाही. ओंजळभर पाणी प्यायचं आहे.

‘भीमायन’ निर्दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. नावातच महाकाव्याच्या नायकाची सावली आहे, आणि महाडला चालत गेलेल्या हजारो बायाबापड्या पुरुषांची नावं इथेही फारशी नाहीत. तो प्रश्न आपल्यालाही लागू आहे. दीक्षाभूमी इथून फार लांब नाही. तिथल्या गर्दीचं चित्र काढायला बसलो, तर आपण किती चेहरे काढू?

यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.