कोडी सोडवून आत्मविश्वास वाढतो का? ६१७४ च्या निमित्ताने एक तपासणी

नेट-सेटची तयारी करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: रोज चार लॉजिकची कोडी सोडव, कॉन्फिडन्स वाढेल. सल्ला वाईट नाही. पण तुम्ही संशोधनाकडे निघाला आहात, तेव्हा याच्याकडे एक दावा म्हणून बघा. आत्मविश्वास वाढतो म्हणजे नेमका कशाबद्दलचा वाढतो? आणि तो कुठपर्यंत पुरतो?

आधी दाव्याची भक्कम बाजू घेऊ. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्व-क्षमतेवरचा विश्वास’ ही कल्पना मांडली. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो असं ते सांगतात: स्वतः एखादं काम तडीस नेण्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यातला पहिला स्रोत सगळ्यात बळकट. कोडं नेमकं तेच देतं. अर्धा तास डोकं खाजवलं, दोन वाटा चुकल्या, तिसरी लागली. उत्तर बरोबर आहे हे सांगायला सर लागत नाहीत, ते स्वतःच पडताळता येतं. तालुक्याच्या कॉलेजात शिकताना ज्यांना ‘हे पुण्या-मुंबईच्या मुलांचं काम’ असं वाटत राहतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही.

मात्र बांडुरांचंच पुढचं म्हणणं सल्ला देणारे विसरतात. सोप्या यशावर उभा राहिलेला विश्वास पहिल्या अपयशाला कोसळतो. शिवाय हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. सुडोकू जमतं म्हणून प्रयोगशाळेत उभं राहण्याचं धैर्य आपोआप येत नाही.

कौशल्याच्या बाबतीतही हेच दिसतं. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला, त्यात लोक सुधारले. सराव न केलेल्या, अगदी जवळच्या वाटणाऱ्या चाचण्यांमध्येही त्या सरावाचा फायदा दिसला नाही. हा अभ्यास आत्मविश्वासाचा नव्हता, हे लक्षात ठेवा. पण ‘कोडी सोडवा, सगळंच सुधारेल’ या उडीला तो चाप लावतो.

आता सीएसआयआर-नेटचा भाग ‘अ’ बघा. वीस प्रश्न, त्यातले पंधरा सोडवायचे, बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. इथे अवघड प्रश्न सोडून पुढे जाणं हेच शहाणपण. परीक्षेसाठी ते योग्यच आहे. पण संशोधनात अवघड प्रश्नापाशीच थांबायचं असतं, आणि त्याला उत्तर आहे याची हमी कुणी दिलेली नसते. भाग ‘अ’मध्ये कमी गुण पडले म्हणून ‘आपण संशोधनाचे नाहीच’ असं ठरवणं जितकं चूक, तितकंच जास्त पडले म्हणून ‘आपण तयार’ असं मानणंही चूक.

मग कोडी सोडून द्यायची का? इथे आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण उपयोगी पडतं. देवळा आणि देवळाली या नावांत बाहेरचे लोक नेहमी गल्लत करतात. तर नाशिकजवळच्या त्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. १९२९ ची बी.एस्सी., पुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत तुम्ही ऐकली असेल. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० उणे ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. इथून पुढे ६१७४ च येत राहतं. सात पायऱ्या लागल्या. कुठल्याही संख्येला सातपेक्षा जास्त लागत नाहीत.

बहुतेक व्हिडिओ आणि पुस्तकं इथेच थांबतात, आणि माझी तक्रार तीच आहे. हे पाहून चकित व्हायला होतं, पण आत्मविश्वास वाढत नाही. तो वाढतो पुढच्या प्रश्नाने: असं का होतं? अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड माना. वजाबाकी मांडली की उत्तर येतं ९९९ गुणिले (अ–ड) अधिक ९० गुणिले (ब–क). म्हणजे चार अंक महत्त्वाचे नाहीत, फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजा: फक्त ५४ जोड्या. जवळजवळ दहा हजार संख्यांचा प्रश्न वहीच्या दोन पानांवर आला. आता तुम्ही ही गोष्ट ‘ऐकलेली’ नाही, तपासलेली आहे.

आणि मग अट बदला. तीन अंकांत ४९५ येतं. दोन अंकांत एक संख्या येतच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं. पाच अंकांतही स्थिर संख्या नाही. ज्या क्षणी ‘उत्तर असेलच’ ही खात्री सुटते आणि तरी तुम्ही पेन खाली ठेवत नाही, तिथे कोडं संपून संशोधन सुरू होतं.

कापरेकरांनी हेच आयुष्यभर केलं. त्या काळच्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं, तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. एका माणसावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरं. कोड्यांमुळे त्यांच्यात जिद्द आली, की जिद्द होती म्हणून कोडी टिकली, हेही यातून ठरत नाही. पण बांडुरांचा दुसरा स्रोत आठवा: आपल्यासारख्याला जमलेलं पाहणं. नाशिक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा माणूस कुठे मिळणार?

तेव्हा माझा निष्कर्ष असा. रोज चार कोडी सोडवून पुढे जाण्यापेक्षा आठवड्याला एकच घ्या. उत्तर आलं की ते का आलं हे लिहा, मग एक अट बदला आणि काय मोडतं ते बघा. न सुटलेलं पानही तारीख घालून ठेवा. गाईडसमोर बसाल तेव्हा ‘मला येतं’ म्हणता आलं नाही तरी चालेल. ‘इथवर तपासलंय, इथे अडलोय’ एवढं न घाबरता सांगता आलं, तर कोड्यांनी त्यांचं काम केलं.